दार आतून

१

रोज सकाळी नऊ वाजता, चहाच्याही आधी, ती बरण्या पाहायची. रोपवाटिकेच्या मागच्या लांबट खोलीत खिडकीखाली एक फळी होती आणि फळीवर चाळीस काचेच्या बरण्या ओळीनं उभ्या असत. प्रत्येकीत निलगिरीची एक डहाळी, डहाळीवर एक फुगलेली गाठ, बरणीच्या तोंडावर मलमलीचा चौकोन आणि पोटावर चिठ्ठी: नंबर आणि तारीख. गाठ कोणत्या किड्यानं करवली हे नुसतं बघून कळत नाही. आतला बाहेर यावा लागतो, मग त्याला ओळखायचं. तो कधी येईल याची वाट पाहणं हे तिचं काम. बारा वर्षं आपण नोकरी म्हणून नुसती वाट पाहतोय, असं तीच हसत सांगायची. सगळे तिला बरणीबाई म्हणत, अगदी तोंडावर, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

मलमल बांधायची तिची एक पद्धत होती. दोऱ्याचे तीन वेढे, एक उलटा पीळ आणि टोक डाव्या बाजूनं आत खुपसायचं. बाकीचे रबर लावत, रबर उन्हानं तडकत, आणि मग खोलीभर किडे पकडत फिरायची वेळ येई. बरणीबाईनं बांधलेली मलमल आजवर सुटली नव्हती.

कामावर नवं कोणी आलं की ती त्यांना फळीसमोर उभं करून दोन गोष्टी सांगायची. पहिली ही, की किडा घर बांधत नाही. "ते आधी डोक्यातून काढा. किडा टोचतो, अंडं ठेवतो आणि आपल्या वाटेनं जातो. घर झाड बांधतं. भिंत झाडाची, आतली मऊ गादी झाडाची, गादीतलं खाणंही झाडाचंच. दार तेवढं झाड ठेवत नाही. दार आतला पाडतो, जाताना." आणि दुसरी गोष्ट, की गाठ बरणीत टाकण्याआधी भिंगातून चारी बाजूंनी बघायची. भोक दिसलं तर आतला गेला. रिकाम्या घरावर पहारा करायचा नाही.

त्या सोमवारी धूळ पुसायला म्हणून तिनं सतरा नंबरची बरणी उचलली. बाकीच्या गाठी हरभऱ्याएवढ्या, ही लिंबाएवढी. दहा आठवडे झाले तरी आतून काही आलं नव्हतं, आणि तिला त्याचं कौतुकच वाटत होतं. बरणी कलली, डहाळी घरंगळली आणि गाठीची खालची बाजू वर आली. तिथे भोक होतं. पेन्सिल सहज जाईल एवढं गोल भोक.

बरणीत मात्र काही नव्हतं. मेलेला किडा नाही, पंख नाही, कातही नाही. मलमल जागच्या जागी होती, तीन वेढे, एक पीळ. तिनं भिंग काढलं. भोकाची कड सुकून तपकिरी झाली होती. हिरव्या गाठीला ताजं भोक पडतं तेव्हा कड ओली असते. ही कड फार जुनी होती. म्हणजे बरणीत येण्याआधीच आतला निघून गेला होता, आणि भोकाची बाजू खाली ठेवून, न बघता, तिनंच ही गाठ बरणीत घातली होती. बारा वर्षं ज्या चुकीबद्दल दुसऱ्यांचे कान उपटले, ती चूक. तिचे कान तापले.

आणि मग तापलेले कान गार पडले, कारण ती गाठ कुठून आली हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. गाठ आलेलं रोप भट्टीत जातं, त्याला अपवाद नाही. दहा आठवड्यांपूर्वी एका गठ्ठ्यातलं एक रोप तिनं भट्टीतून वाचवलं होतं. एकच तर गाठ होती, बाकी रोप कसं टवटवीत. लेकीला खिडकीत ठेवायला झाड हवं होतं, कधीची मागे लागली होती. गाठ उद्या कापू म्हणून ती रोप घरी घेऊन गेली. उद्याचा परवा झाला. मग घाईघाईत गाठ कापली, डब्यात टाकून कामावर आणली आणि बरणीत सरकवली.

म्हणजे जे काही होतं ते लेकीच्या खिडकीत बाहेर आलं होतं. तिनं नोंदवहीत सतराच्या पुढे 'रिकामी' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. अजून चहा घेतला नाही म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

२

"बाई, मलमल खाता की काय?" दुपारी स्टोअरवाल्या काकांनी विचारलं. "वर्षाचा तागा दोन महिन्यांत फस्त?"

"उंदरांना विचारा काका."

"उंदीर वहीत सह्या करत नाहीत. सगळ्या सह्या तुमच्याच आहेत."

ती हसली. यंदा बरण्या जास्त असतील, असं तिनं म्हटलं. खोलीत परत येऊन बघितलं तर बरण्या चाळीसच होत्या, दरवर्षीसारख्या. तिनं तर्जनी चोळली. दोऱ्यानं तिथे एक लाल रेघ पडली होती आणि काही दिवस ती भरूनच येत नव्हती. काम वाढलंय, आणखी काय.

घरी पोचल्यावर तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, सरळ लेकीच्या खोलीत गेली. तीन खोल्यांचं घर, त्यातली ही सगळ्यात लहान. खिडकीची चौकट, पडद्याच्या चुण्या, पलंगाखालची जागा, सगळं बोटानं चाचपून पाहिलं. काही नव्हतं. रोपाची कुंडीही नव्हती; रोप पिवळं पडून वाळलं म्हणून नवऱ्यानं ते केव्हाच टाकून दिलं होतं. दहा आठवड्यांत जे दिसलं नाही ते आता काय दिसणार, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली.

खिडकीशेजारच्या कोपऱ्यात नवऱ्याचं काम चाललं होतं. तो सुतार. लोकांची घरं सजवता सजवता स्वतःच्या घराकडे बघायला ज्याला वेळ नसतो, त्या जातीचा. पण महिनाभर तो संध्याकाळी घरी आला की हा कोपरा घेऊन बसायचा. फळ्यांचा एक आडोसा उभा राहिला होता, छातीएवढा, भिंतीपासून भिंतीपर्यंत पोट काढून आलेला.

"अहो, हे अजून संपलं नाही?"

"बारकीचे कपडे, खेळणी कुठे ठेवायची? पसारा बघ."

पसारा होता हे खरं होतं. सासूबाई पलंगावर बसून जुने स्वेटर, शाली, एक फाटकं ब्लँकेट जोडून रजई शिवत होत्या. ही पाचवी. "कपाटाला अस्तर लागतं," त्या म्हणाल्या. "लाकडाला ओल धरते." हेही खरंच होतं. ती स्वतःही रोज कामावरून आल्यावर तासभर इथेच लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालायची. सगळे मिळून एका खोलीत काम करतायत, याचं तिला बरंच वाटायचं.

मग लेक जेवायला आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं लेकीकडे नीट बघितलं.

लेक आठ वर्षांची. बारकी हे नाव थट्टेनं पडलेलं, कारण जन्मली तीच गुबगुबीत. मनगटाला वळी, प्रत्येक बोटाच्या मुळाशी खळी. शेजारपाजारचे तिचे गाल ओढल्याशिवाय पुढे जात नसत. तीच बारकी आता समोर बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होती आणि शाळेचा फ्रॉक तिच्या खांद्यांवरून घसरत होता. गळ्याची हाडं दिसत होती. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. वाढीचं वय आहे म्हणाले, टॉनिक लिहून दिलं.

"आई, अजून आहे?" बारकीनं विचारलं.

नवऱ्यानं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं. सासूबाईंचा चष्मा नाकावरून खाली येत होता. तिनं स्वतःचा हात वर केला तसं घड्याळ मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरलं. घरात कधी नव्हे इतकं अन्न शिजत होतं आणि चौघंही वाळत चालली होती.

३

रोपवाटिकेत सूक्ष्मदर्शकावर बसायच्या त्या थोरल्या बाई. तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि जिभेला हाड नाही. बरणीबाईनं सतरा नंबरची गाठ चिरून त्यांच्यापुढे ठेवली.

थोरल्या बाईंनी बराच वेळ डोळा लावला. "एकच पोकळी आहे. आणि अस्तर बघ, खाऊन चाटून पुसून साफ केलंय. कोण होतं ग हे?"

"माहीत नाही."

"मला पण नाही," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून बरणीबाईनं पहिल्यांदा ऐकलं. "रोप कुठलं?"

"गेलं भट्टीत." खोटं बोलताना तिनं खाली बघितलं. मग थोड्या वेळानं विचारलं, "गाठीच्या आजूबाजूची पानं पिवळी का पडतात हो?"

"बारा वर्षांनी मला विचारतेस? खाणं तिकडे वळतं म्हणून. झाड आधी गाठीला वाढतं, मग उरलं तर पानांना."

"आणि झाडाला कळत नाही?"

थोरल्या बाईंनी मान वर केली. "कळायला काय आहे? झाडाला बोलता आलं असतं ना, तर ते म्हणालं असतं, मलाच हवं होतं म्हणून मी केलं. वर कारणही दिलं असतं. चांगलं पटेल असं."

आडोशाला कारण होतं. रजयांना कारण होतं.

"चेहरा का पडलाय? बंद आहे तोवर कापायचं आणि जाळायचं, एवढंच तर आपलं शास्त्र. भोक पडलं की मग आपण नोंदी करत बसायचं." थोरल्या बाई पुन्हा वाकल्या. "बिचाऱ्या झाडाला काय, उठून जाता येत नाही. तेवढंच आपलं बरं आहे."

हे वाक्य तिनं दिवसभर मनात जपून ठेवलं. आपल्याला उठून जाता येतं. बसमध्ये बसल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. सुतारानं कपाट केलं, म्हातारीनं रजई शिवली, पोरगी उंच होताना वाळली, आणि आपण काय काय जोडत बसलो. किडे बघून बघून डोक्यात किडे झालेत. तरी उतरायच्या आधी तिनं गुरुवारची अर्धी रजा ठरवून टाकली.

४

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती दुपारी घरी आली. खोलीतून रंध्याचा आवाज येत होता. त्या वेळी नवऱ्यानं गिऱ्हाइकाकडे असायला हवं होतं.

आडोसा छताला टेकला होता. फळ्यांच्या कडा तासून तासून त्यानं सगळं गोल केलं होतं. कुठे सांधा दिसत नव्हता. कोपऱ्यातून काहीतरी फुगून खोलीत आलंय आणि अजून येणार आहे, असं ते दिसत होतं. ती उंबऱ्यातच थांबली. कुठल्याही कपाटात जी गोष्ट आधी दिसते ती तिला सापडत नव्हती.

"अहो, दार कुठे आहे?"

"दार?" त्यानं रंधा थांबवला. "दार कशाला?"

"कपडे ठेवायचे ना बारकीचे?"

"हो." तो विचारात पडला. त्याच्या कपाळावर आठी आली, मग ती हळूहळू गेली. "दार नंतर होईल. आतून."

"आतून कोण करणार?"

तिनंच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेनं तो बघत राहिला. हा माणूस वीस वर्षं दारं करत होता. बिजागरी कुठे, कडी कुठे, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. "मला सुचलं तसं केलं," तो शेवटी म्हणाला. "चांगलं झालंय ना पण?"

चांगलं झालं होतं. इतकं सफाईदार काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

तिनं फळीवर तळहात ठेवला. लाकूड ऊबदार होतं, आणि ऊन तर दुसऱ्या भिंतीवर होतं. तिनं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. सुताराची बायको होती ती, पोकळ कपाट कसं वाजतं तिला माहीत होतं. हे भरलेलं वाजलं. तिनं हात झटकन मागे घेतला.

"आई, तुम्ही तरी सांगा, हे काय आहे?"

सासूबाईंनी सुईत दोरा ओवला. हात नुसता काडी झाला होता, पण दोरा पहिल्या खेपेला गेला. "मीच म्हटलं त्याला, कोपरे ठेवू नको. टोचतात."

"कोणाला टोचतात?"

"कोणाला म्हणजे काय ग?" त्यांनी नवलानं विचारलं, आणि त्या टाका घालू लागल्या.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी राहायची, बसनं चार तासांवर.

"ताई, उद्या बारकीला घेऊन येऊ का तुझ्याकडे? थोडे दिवस."

"विचारतेस काय, ये की. काय झालं?"

"काही नाही. हवापालट."

"नवऱ्याशी वाजलं का?"

"नाही ग." तिला रडू येत होतं. "पोर फार वाळलीय. मला भीती वाटते ताई."

"तीनची गाडी पकड. मी स्टँडवर येते."

तिनं बारकीची पिशवी भरली. चार फ्रॉक, पुस्तकं, टॉनिकची बाटली. पिशवी दाराशी ठेवली आणि तिला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

५

शुक्रवारी दुपारी घर शांत होतं. नवरा लाकूड आणायला गेला होता. सासूबाई जेवून दुसऱ्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. बारकी दीडला शाळेतून येणार होती, गाडी तीनची. नुसतं बसून राहायचं होतं, पिशवीवर पाय ठेवून. पण बंद गाठ न कापता सोडायची नाही, ही सवय बारा वर्षांची होती. ती परत येईल तेव्हा नवरा आणि सासूबाई याच घरात असणार होते. त्यांना असं टाकून कसं जायचं?

तिनं नवऱ्याच्या पेटीतून गिरमिट आणि बारीक पात्याची करवत घेतली. खांद्याच्या उंचीवर एक भोक पाडलं, त्यात पातं घातलं आणि कापायला लागली. काखेत घाम आला होता. करवतीच्या आवाजानं सासूबाई उठतील म्हणून ती मध्येच थांबायची, आणि थांबली की आडोशाच्या आतही काहीतरी थांबल्यासारखं वाटायचं. आवाजाचा घुमारा आहे, ती मनाशी म्हणाली. पोकळीत घुमतं. पण आत पोकळी नव्हती, हे तिनंच कालच वाजवून पाहिलं होतं.

तळहाताएवढी चकती सुटून तिच्या हातात आली. आत फळीला लागून रजई होती, सासूबाईंच्या टाक्यांची. तिनं ती करवतीनं चिरली. रजईच्या मागे आणखी एक थर होता. पांढरा.

मलमल. चौकोनाला चौकोन जोडलेला, एकावर एक, शे-दीडशे तरी असतील, किंवा त्याहून जास्त. ओलसर होती, आणि तिला ऊन दुधाचा वास येत होता. तिनं एका चौकोनाची कड बोटावर घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. दोऱ्याचे तीन वेढे. एक उलटा पीळ. टोक डाव्या बाजूनं आत खुपसलेलं.

ती तशीच उभी राहिली. तर्जनीवरची लाल रेघ ठुसठुसत होती. रोज संध्याकाळी तासभर ती इथे बारकीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बारकीचे फ्रॉक चार. चार फ्रॉकच्या घड्यांना किती वेळ लागतो? तिनं आठवून पाहिलं. संध्याकाळी खोलीत शिरल्याचं आठवत होतं, बाहेर आल्याचं आठवत होतं, आणि मध्ये एक समाधान आठवत होतं, हाताला काम असल्याचं. बाकी काही आठवेना. आडोसा छातीएवढा असताना वरून आत वाकता येत होतं. ती रोज वाकली असणार.

या घरात झाडाकडे बाहेरून बघणारी आपण एकटी आहोत, असं ती आठवडाभर धरून चालली होती.

मलमलीच्या मागे कोणीतरी कूस बदलली. गाढ झोपेतलं मूल बदलतं तशी, सावकाश, पांघरुणासकट. मग एक लांब, सुखाचा सुस्कारा आला, आणि कापड हलकेच तिच्या बोटांकडे फुगून पुन्हा बसलं.

६

करवत हातात होती. एकदा पातं आत घालून ओढायचं, एवढंच काम होतं. तिनं पातं भोकाशी नेलंही. ती कापणार होती, याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती.

ऊन सरळ आत पडतंय, तिला वाटलं.

विचार अगदी साधा होता, आणि बरोबर होता. खिडकी उघडी होती, उन्हाचा पट्टा भोकावर आला होता. गाठ चिरून उघडी ठेवली की तासाभरात अस्तर सुकतं. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? कापायचं ते नीट कापायला हवं, घाईनं नाही. तोवर निदान झाकायला हवं. तिनं करवत पलंगावर ठेवली आणि पर्स उघडली. पर्समध्ये मलमलीचे चौकोन होते, दोऱ्याचं रीळ होतं. पर्समध्ये ते का होते यालाही कारण असणार, आत्ता आठवत नव्हतं एवढंच.

चिरलेल्या रजईची कड तिनं भोकातून बाहेर ओढली आणि गोल चुणून घेतली. बरणीचं तोंड झालं. त्यावर मलमल ताणली.

"आई, काय करतेस?"

बारकी दारात उभी होती. दप्तराच्या वजनानं एका बाजूला कलली होती. डोळे मोठे दिसत होते, चेहरा मागे गेला होता.

"झाकतेय ग."

"आपण मावशीकडे जाणार ना? पिशवी दाराशी आहे."

फोन वाजला. तिनं खांद्यानं कानाशी धरला. हात मोकळे नव्हते.

"निघालात का?" ताई विचारत होती. "मी जेवण करून ठेवलंय."

"अगं ताई, नाही जमायचं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, रोजचा. "बारकीला अशक्तपणा फार आहे. चार तासांचा प्रवास झेपायचा नाही तिला. जरा भरली की येतो."

"काल तर म्हणालीस, भीती वाटते."

"काल थकले होते ग मी."

ताई "बरं, सांभाळ" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. कारण इतकं पटण्यासारखं होतं की तिला स्वतःलाही ते खोडता आलं नाही. आत कुठेतरी, खूप खाली, ती घाबरून ओरडत होती. पण कशासाठी ओरडतेय ते तिला सापडेना, आणि इकडे दोरा सुटत होता.

पहिला वेढा घातला. दुसरा घातला. एकटीनं ताणून धरायचं आणि वेढाही घालायचा, म्हणजे तिसरा हात लागतो.

"बारके, इकडे ये. इथे बोट ठेव. घट्ट."

बारकीनं दप्तर खाली ठेवलं. चवड्यांवर उभी राहिली आणि मलमलीवर, दोऱ्याच्या जरा वर, बोट दाबून धरलं. बोट नुसतं पेरापेराचं उरलं होतं. नखाखालचं हाड दिसत होतं. आईच्या कामाला हात लावायला मिळाला याचा तिला आनंद झाला होता, आणि श्वासही लागला होता.

मलमल ओली होती, आरपार दिसेल इतकी. पलीकडून एक बोट आलं आणि बारकीच्या बोटाला टेकलं. तेवढ्याच लांबीचं, लहान मुलाचं. पण गुबगुबीत होतं ते, गुलाबी होतं, आणि त्याच्या मुळाशी एक खळी होती. ती खळी तिनं आठ वर्षं रोज पाहिली होती.

बारकीनं हात मागे घेतला नाही. सांगितलं होतं तसं घट्ट दाबून धरलं होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "भूक लागलीय."

"हो ग, एवढं होऊ दे," तिनं म्हटलं. तिसरा वेढा घातला, उलटा पीळ दिला, आणि टोक डाव्या बाजूनं आत खुपसलं.